दहाव्या पिढीपर्यंत : मोशेचा कायदा, कोकणातले शनिवार तेली आणि आपले संविधान

कर्जत-खालापूर भागातल्या अभ्यासवर्गांत अलीकडे तरुण एक प्रश्न वारंवार विचारतात. बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली ते योग्यच होते, कारण तो जन्मावर आधारलेल्या विषमतेचा कायदा होता. पण सगळेच धर्मग्रंथ तसे नसतात. बायबलमध्ये तर गुलामांच्या मुक्तीची कथा आहे. मग असा एखादा ‘चांगला’ धर्मकायदा राज्याचा पाया झाला तर बिघडले कुठे? त्याच बैठकीत दुसरा कोणीतरी अभिमानाने सांगतो, “आम्हाला कोणत्याच ग्रंथाची गरज नाही. संविधान हाच आमचा धर्मग्रंथ.”

ही दोन्ही मते वरवर एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. ग्रंथ चांगला असला की न्याय आपोआप होतो, अशी ती समजूत. माझे म्हणणे असे की ग्रंथ चांगला की वाईट हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न वेगळा आहे. त्या कायद्याने ज्याच्यावर अन्याय होतो त्याने दाद कुठे मागायची? आणि तो कायदा बदलण्याचा अधिकार त्याला आहे की नाही? हे समजून घ्यायला युरोप-अमेरिकेत जायला नको. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या, मराठी बोलणाऱ्या एका समाजाने हे सगळे भोगले आहे, आणि तेही बायबलच्याच एका कायद्यामुळे.

मोशेच्या कायद्यात काय आहे

आधी बायबलच्या कायद्याला त्याचे श्रेय देऊ. विरोधकाचा ग्रंथ न वाचता त्यावर बोलणे ही आपली परंपरा नाही. बाबासाहेब मनुस्मृतीवर बोलले ते ती वाचून बोलले.

बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांना ज्यू लोक तोरा म्हणतात. मोशेचा कायदा तो हाच. त्याची सुरुवात इजिप्तमधल्या गुलामांच्या सुटकेपासून होते. तुम्ही स्वतः परक्या देशात गुलाम होता, म्हणून तुमच्यातल्या परक्याला छळू नका, असे तो बजावतो. शेत कापताना कडेचे धान्य आणि खाली पडलेली कणसे गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडा, असे लेवीय या पुस्तकात सांगितले आहे. न्यायाधीशाने लाच घेऊ नये, तोंड बघून निवाडा करू नये, अशीही आज्ञा आहे. अनुवाद या पुस्तकाचा सतरावा अध्याय तर राजालाही कायद्याखाली आणतो. राजाने या कायद्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी, आयुष्यभर ती वाचावी आणि आपल्या बांधवांपेक्षा स्वतःला मोठे समजू नये. पाश्चात्त्य देशांत ‘राजापेक्षा कायदा मोठा’ हा विचार रुजवणाऱ्या अनेकांनी या अध्यायाचा आधार घेतला. दंड ठरवताना आधी वर्ण विचारणाऱ्या मनुस्मृतीशी तुलना केली तर फरक उघड दिसतो.

पण त्याच अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात आणखी एक नियम आहे. निषिद्ध संबंधातून जन्मलेल्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, आणि त्याच्या वंशजांनाही दहाव्या पिढीपर्यंत नाही. हिब्रूत अशा व्यक्तीला ‘मामझेर’ म्हणतात. एखाद्या स्त्रीचा धर्मानुसार घटस्फोट झालेला नसताना तिने दुसरे लग्न केले, तर त्या लग्नाची मुले मामझेर ठरतात. त्यांनी इतर ज्यूंशी लग्न करायचे नाही. नंतरच्या धर्मशास्त्र्यांनी ‘दहावी पिढी’ म्हणजे कायमची, असा अर्थ लावला.

गुन्हा, असलाच तर, आई-बापाचा आणि शिक्षा नातवंडाच्या नातवंडाला. हे वाचून आपल्याला वेगळे काही सांगावे लागत नाही. मनूनेही संकरातून झालेल्या संततीच्या याद्या करून तिला गावाबाहेर बसवले होते. विशेष म्हणजे त्याच बायबलमधला यहेज्केल हा संदेष्टा नेमके उलटे सांगतो : बापाच्या पापाचा भार मुलावर येणार नाही. म्हणजे एकाच ग्रंथात दोन्ही आहे. मग कोणते वाक्य लागू करायचे, हे कोण ठरवणार? ज्याच्या हातात धर्मपीठ असेल तो.

नवगाव ते जेरुसलेम

अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्रायल समाजाचे स्मारक आहे. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी तिथल्या किनाऱ्यावर जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ते मराठी बोलत आणि गावावरून आडनावे लावत : किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, आपटेकर. अलिबागेत त्यांची इस्रायल आळी आहे. पेणला आणि आपल्या शेजारच्या पनवेललाही त्यांची सिनेगॉग आहेत. म्हणजे हा समाज आपल्याच कुलाबा जिल्ह्यातला, ज्याचे नाव १९८१ साली रायगड झाले.

शतकानुशतके जगातल्या इतर ज्यूंशी त्यांचा संबंध नव्हता. सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे त्यांनी जपले. नंतर रब्बींनी रचलेले विस्तृत धर्मशास्त्र त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरण मराठीत लिहिले. मिशनऱ्यांना वाटले होते की हे लोक ख्रिस्ती होतील. बहुतेक झाले नाहीत. पण मोशेचा कायदा मात्र त्यांना आता आपल्या भाषेत वाचता आला.

इथे आणखी एक गोष्ट दडवता कामा नये. या समाजात ‘गोरा इस्रायल’ आणि ‘काळा इस्रायल’ असे दोन भाग होते. आई-बाप दोघेही समाजातले असतील तो गोरा. आई बाहेरची असेल तर ती संतती काळा इस्रायल. दोघांत रोटीबेटी व्यवहार नव्हता. हा भेद त्यांनी कातडीवरून केला नव्हता, जन्मावरून केला होता. तोरा मानणारा समाज कोकणात राहिला आणि त्याने शेजाऱ्याकडून जात उचलली. जात ही संसर्गजन्य आहे, धर्म बदलून ती आपोआप जात नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

१९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. आपल्या लोकांचे राज्य झाले, आता परकेपण संपेल, ही आशा होती. पण सुरुवातीच्या वर्षांतच रंग आणि वागणूक यांवरून तक्रारी सुरू झाल्या. १९५१-५२ मध्ये काहींनी धरणे धरले, आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली, आणि काही जण खरोखर परतले. खरा घाव मात्र पुढे बसायचा होता.

१९५३ साली इस्रायलच्या संसदेने, म्हणजे क्नेसेटने, कायदा केला. देशातल्या ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट फक्त रब्बींच्या धर्मन्यायालयांच्या अधिकारात राहतील आणि ते तोराच्या कायद्याप्रमाणे होतील. नागरी विवाहाची सोयच ठेवली नाही. बेने इस्रायल तरुण-तरुणी इतर ज्यूंशी लग्न करायला गेले तेव्हा काही रब्बींनी नकार दिला. त्यांची शंका अशी : तुम्ही शतकानुशतके कोकणात होता, तुम्हाला घटस्फोटाचे धर्मनियम माहीत नव्हते, मग तुमच्या पूर्वजांत कुणी धर्माप्रमाणे घटस्फोट न घेता दुसरे लग्न केले नसेल कशावरून? तुमच्यात कुणी मामझेर नसेल कशावरून?

मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या धर्मपीठाने तत्त्वतः विवाहाला परवानगी दिली, पण १९६२ साली विवाह नोंदणाऱ्यांना सूचना काढली. बेने इस्रायल व्यक्तीच्या आईची, आईच्या आईची, आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. हीच सूचना इतर कोणत्या देशातून आलेल्या ज्यूंसाठी त्यांचे नाव घेऊन काढलेली नव्हती. पोलंडहून आलेल्याला कुणी पणजीचा घटस्फोट विचारला नाही. तो फक्त पेण-अलिबागच्या माणसाला विचारला गेला.

ज्यांनी कोकणात ‘काळा इस्रायल’ला पंक्तीबाहेर ठेवले होते, त्यांनाच आता जेरुसलेममध्ये जन्माचा दाखला मागितला जात होता. हे मी त्यांना हिणवण्यासाठी सांगत नाही. जन्माची चौकशी करणारी व्यवस्था एकदा मान्य केली की वरची पायरी तुमची आहे या भरवशावर कुणालाही राहता येत नाही, एवढेच यातून घ्यायचे.

मंडळी लढली, आणि काय मिळाले?

बेने इस्रायल गप्प बसले नाहीत. दोन वर्षे निषेध चालला. १९६४ च्या उन्हाळ्यात कुटुंबे जेरुसलेममध्ये धरण्याला बसली. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटचे विशेष अधिवेशन झाले. लेव्ही एश्कोल तेव्हा पंतप्रधान होते. बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत कोणताही फरक नाही, असे संसदेने जाहीर केले आणि भेदभावाची भावना दूर करण्याचे आवाहन धर्मपीठाला केले. ऑगस्ट संपता संपता सूचना बदलली. ‘बेने इस्रायल’ हे शब्द वगळले गेले. ज्याच्या वंशाबद्दल शंका असेल अशा कुणाचीही चौकशी करावी, असे नवे शब्द आले.

विजय झाला का? झाला, आणि तो रस्त्यावर बसलेल्या सामान्य माणसांनी मिळवला. त्याबद्दल त्यांना मानाचा जय भीम. पण त्या विजयाची मर्यादा नीट पाहा. संसदेने धर्मपीठाला आवाहन केले, आदेश दिला नाही. कारण विवाहाचा अधिकार तिने स्वतःच १९५३ साली धर्मपीठाच्या हाती दिला होता. एका समाजाचे नाव सूचनेतून गेले, पण वंशाची चौकशी करण्याचा अधिकार गेला नाही. ‘मामझेर’ ही कल्पना तशीच राहिली. इस्रायलमध्ये आजही नागरी विवाह नाही. परदेशात जाऊन लग्न करून यायचे आणि इथे नोंद करायची, ही पळवाट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या एका निकालाने खुली ठेवली. विमानाचे तिकीट परवडेल त्याला स्वातंत्र्य.

असे का झाले याचे उत्तर १९५० मध्ये आहे. इस्रायलच्या संसदेत लिखित संविधानावर चर्चा झाली, तेव्हा धार्मिक पक्षांचा युक्तिवाद होता की आमच्याकडे तोरा आहे, तीच आमची घटना. शेवटी एकसंध संविधान करण्याचे लांबणीवर टाकले गेले आणि तुकड्यातुकड्याने ‘मूलभूत कायदे’ करायचे ठरले. त्यामुळे बेने इस्रायल मुलगी जेव्हा विवाह नोंदणाऱ्यासमोर उभी राहिली तेव्हा धर्मपीठाच्या वर बोट दाखवता येईल असे समतेचे कलमच तिच्या हातात नव्हते. तिच्याकडे होता फक्त मोर्चा.

त्याच सुमारास, २६ नोव्हेंबर १९४९ ला, भारताने संविधान स्वीकारले होते. कलम १३ ने मूलभूत हक्कांविरुद्धचे कायदे रद्द ठरवले, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५४ साली विशेष विवाह कायद्याने कोणताही धर्म न विचारता लग्न करण्याचा मार्ग दिला. कर्जतच्या बौद्ध मुलाने आणि खोपोलीच्या ख्रिस्ती मुलीने लग्न करायचे ठरवले तर त्यांना कुणा भिक्खूची किंवा पाद्र्याची परवानगी लागत नाही. हा फरक लहान नाही.

पण आपण फुशारकी मारू नये

इथे थांबलो असतो तर हा लेख संविधानाच्या आरतीत संपला असता. पण आपल्याकडचा हिशोबही मांडायला हवा.

१९५१ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर नरसू अप्पा माळी खटला आला. हिंदूंमधल्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा न्यायालयाने योग्य ठरवला, पण त्याच निकालात न्या. छगला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी म्हटले की व्यक्तिगत धर्मकायदे हे कलम १३ च्या अर्थाने ‘कायदा’ नाहीत. म्हणजे त्यांना थेट मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासता येणार नाही. या निकालाने एक मोठी खोली कुलूपबंद करून ठेवली. २०१८ च्या शबरीमला निकालात न्या. चंद्रचूड यांनी त्या तर्कावर कडक टीका केली, पण कुलूप पूर्ण निघालेले नाही.

दुसरे उदाहरण तर अधिक बोचणारे आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा करून धर्म किंवा जमातीतून बहिष्कृत करण्यावर बंदी आणली. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले. १९६२ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी जेरुसलेमच्या रब्बींनी बेने इस्रायलची वंशावळ मागितली त्याच वर्षी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द केला. धार्मिक कारणासाठी बहिष्कृत करणे हा धर्मसंप्रदायाचा अंतर्गत अधिकार आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे विरोधात गेले. बहिष्कृत माणसाला समाज अस्पृश्यासारखे वागवतो, म्हणून हा कायदा कलम १७ च्या उद्देशाला धरून आहे, असे त्यांनी लिहिले. आंबेडकरी दृष्टी त्या दिवशी त्या एका मतात होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.

तिसरे उदाहरण आपले स्वतःचे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने धर्माची अट घातली. १९५६ मध्ये शीख त्यात आले. त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात आपण धम्म स्वीकारला आणि देशाच्या यादीत आपल्याला पुन्हा जागा मिळायला १९९० उजाडावे लागले. चौतीस वर्षे. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून बाहेरच आहेत. दलित ख्रिस्ती माणसावर जातीवरून हल्ला झाला तर ॲट्रॉसिटी कायदा त्याला संरक्षण देत नाही. ‘तू कोणत्या देवाला मानतोस ते आधी सांग’ हे विचारणारे राज्य आणि पणजीचा घटस्फोट विचारणारे धर्मपीठ, यांच्यात अंतर आहे, पण आपल्याला वाटते तेवढे नाही.

बाबासाहेबांना हा धोका माहीत होता. २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ते म्हणाले होते की या देशात धर्माची कल्पना इतकी पसरलेली आहे की ती जन्मापासून मरणापर्यंत सगळे आयुष्य व्यापते. व्यक्तिगत कायद्यांना हात लावायचा नाही असे ठरवले तर सामाजिक सुधारणा होणारच नाहीत, आणि म्हणून धर्माची व्याख्या मर्यादित केली पाहिजे. पुढे हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. धर्मकायदा राज्यकायद्याच्या वर बसला तर काय होते, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, मंत्रिमंडळात बसून पाहिले होते.

दोन दगड

अमेरिकेत आजही एक प्रवाह आहे जो म्हणतो की बायबलचा कायदा हाच राज्याचा पाया असावा. अलाबामा राज्याचे मुख्य न्यायमूर्ती रॉय मूर यांनी २००१ साली दहा आज्ञांचा दोन टनांहून जड दगड न्यायालयाच्या इमारतीत बसवला. नागरिकांनी फेडरल न्यायालयात धाव घेतली. दगड हलवण्याचा आदेश झाला. मूर यांनी तो पाळला नाही. २००३ मध्ये दगडही गेला आणि मूर यांचे पदही.

आता जयपूरला चला. राजस्थान उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ साली मनूचा पुतळा बसवला गेला. विरोध झाला, आंदोलने झाली, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी आवाज उठवला. २०१८ मध्ये औरंगाबादच्या दोन महिलांनी तिथे जाऊन त्याला काळे फासले. पुतळा आजही उभा आहे. दहा आज्ञांमध्ये ‘चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको’ असे तरी आहे. तरी तो दगड न्यायालयात नको, असे तिथल्या न्यायालयाने ठरवले, कारण न्यायालयाच्या दारात आलेल्या माणसाला इथे कुणाच्या देवाचा निवाडा होतो असे वाटता कामा नये. आपल्याकडे मात्र शूद्रांना आणि स्त्रियांना माणूस न मानणाऱ्याच्या नजरेसमोरून पक्षकारांना न्याय मागायला जावे लागते.

संविधानाला पोथी करू नका

आता दुसऱ्या मताकडे वळतो, “संविधान हाच आमचा धर्मग्रंथ.” भावना मला समजते. ज्या ग्रंथाने आपल्याला माणूस म्हटले त्याला आपण डोक्यावर घेणारच. पण पोथी आणि संविधान यांत मूलभूत फरक आहे. पोथी सांगणारा देव असतो, म्हणून ती बदलता येत नाही आणि तिचा अर्थ पुरोहिताकडे राहतो. संविधान ‘आम्ही भारताचे लोक’ यांनी स्वतःला दिले आहे, म्हणून त्यात कलम ३६८ आहे, दुरुस्तीचा मार्ग आहे, आणि त्याचा अर्थ उघड्या न्यायालयात, कारणे लिहून, भिन्न मत नोंदवून लावावा लागतो. सिन्हांचे एकट्याचे मत आज साठ वर्षांनी पुन्हा चर्चेत येऊ शकते, ते यामुळेच. धर्मपीठात भिन्न मताला पाखंड म्हणतात.

स्वतः बाबासाहेबांनी २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत सांगितले की ही घटना जाळायला मी पहिला पुढे येईन. १९५५ मध्ये त्याचे कारण विचारले गेले तेव्हा ते म्हणाले की देवासाठी देऊळ बांधले आणि त्यात असुर येऊन बसले तर काय करायचे? घटनेचा शिल्पकार असे बोलतो तेव्हा तो घटनेचा अपमान करत नसतो. ती पूजेची वस्तू नाही, तिचा उपयोग होतो की नाही हे तपासत राहा, असे तो सांगत असतो. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये त्यांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम सवयीने पाळले जातात, तत्त्व माणसाला विचार करून जबाबदारी घ्यायला लावते. नियमांच्या धर्माला ते कायदा म्हणत, आणि असा कायदा नष्ट करण्यात काहीच अधर्म नाही असे म्हणत.

ही शिकवण आपल्या मातीत त्याहून जुनी आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, आपल्या कर्जत तालुक्यात, कोंढाण्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या विहारात भिक्खू राहत होते. भिक्खू संघ सभा भरवून, ठराव मांडून, मत घेऊन निर्णय करत असे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संसदीय पद्धत भारताला परकी नाही हे सांगताना याच संघाचा दाखला दिला. आणि महापरिनिर्वाणापूर्वी बुद्धांनी आनंदाला सांगितले की संघाची इच्छा असेल तर किरकोळ नियम रद्द करावेत. मोशे डोंगरावरून दगडी पाट्या घेऊन उतरला. बुद्धांनी नियम बदलण्याचा अधिकार सभेकडे सोपवला. आपण कोणत्या परंपरेचे वारस आहोत, हे संविधानाकडे पाहताना विसरता कामा नये.

आपल्या दारातला प्रश्न

हे सगळे आजच का सांगतो आहे? दोन कारणे आहेत.

पहिले कारण आपल्या चळवळीतले. बौद्धांचे विवाह आज १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली येतात, आणि स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी जुनी आहे. आपल्या विधीला स्वतःच्या नावाने मान्यता मिळावी, हे म्हणणे रास्त आहे. पण त्या कायद्यात ‘बौद्ध कोण’ हे ठरवण्याचा अधिकार एखाद्या संस्थेला, भिक्खू मंडळाला किंवा दाखला देणाऱ्या समितीला देणार असाल तर बेने इस्रायलच्या त्या मुलीची आठवण ठेवा. आज चौकशी होईल बावीस प्रतिज्ञा घेतल्या का याची. उद्या होईल आई कोणत्या घरची याची. विवाह नोंदवणारा राज्याचा अधिकारी असावा, अर्जदाराचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरेसे असावे, आणि वाद झाला तर तो दिवाणी न्यायालयात जावा, कुठल्याही धम्मपीठात नको. एवढे तीन मुद्दे मसुद्यात नसतील तर तो मसुदा कितीही निळ्या अक्षरांत लिहिलेला असो, त्याला विरोध केला पाहिजे.

दुसरे कारण गावकीचे. सामाजिक बहिष्काराच्या तक्रारींनी रायगड जिल्हा गाजला. पाणी बंद, किराणा बंद, बोलणे बंद, अंत्यविधीला खांदा बंद, आणि परत घ्यायचे तर दंड भरा. गावकीकडे तोरा नाही की मनुस्मृती नाही, तरी तिचा निवाडा धर्मपीठासारखाच असतो. तिथे अपील नसते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्कार टाकणारे आणि सोसणारे एकाच समाजातले असतील तर हा कायदा. सवर्णांनी दलित-आदिवासींवर टाकला असेल तर ॲट्रॉसिटी कायदा. पोलीस ठाण्यात यात गफलत होते आणि तक्रार ढिली पडते. म्हणून कार्यकर्त्याने आधी हा फरक पाठ करावा.

आणि हा कायदा आपल्याला न आवडणाऱ्या माणसासाठीही वापरावा लागेल. आपल्या भागातल्या एखाद्या ठाकर किंवा कातकरी वाडीवर एखादे कुटुंब येशूची प्रार्थना करू लागले आणि वाडीने त्याचे पाणी तोडले, तर आपण कुठे उभे राहणार? बायबलचा कायदा राज्याने लागू करावा, या मागणीला आपला विरोध. पण बायबल वाचणाऱ्याला वाडीबाहेर काढण्यालाही तेवढाच विरोध. २०२५ च्या जानेवारीत छत्तीसगडच्या बस्तरमधल्या एका ख्रिस्ती झालेल्या महरा कुटुंबाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. बापाचे प्रेत आपल्याच गावात पुरू द्या, एवढीच मुलाची मागणी होती. दोन न्यायमूर्तींचे मत फुटले, आणि शेवटी वीसेक किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्याचा आदेश झाला. गावाबाहेर पुरले जाणे म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना सांगावे लागले नसते. आणि असा प्रसंग रायगडात आला, तर ‘तो ख्रिस्ती आहे, आपला प्रश्न नाही’ म्हणणारा कार्यकर्ता बाबासाहेबांचे नाव कोणत्या तोंडाने घेईल?

म्हणून त्या तरुणांना माझे उत्तर एवढेच आहे. बायबल वाचा, कुराण वाचा, गीता वाचा, मनुस्मृतीही वाचा, आणि संविधान तर वाचाच. जिथे चांगले सापडेल तिथे ते मान्य करा. पण लग्न, जमीन, पाणी, रोजी आणि स्मशान या गोष्टींचा निवाडा करण्याचा अधिकार कोणत्याही ग्रंथाच्या पुरोहिताला देऊ नका, तो ग्रंथ आपला असला तरी. कर्जत आणि खालापूर, दोन्ही ठिकाणी न्यायालय आहे. तिथे न्याय उशिरा मिळतो, वकिलाची फी परवडत नाही, फौजदार तक्रार घेत नाही, हे सगळे खरे आहे, आणि ते बदलायची लढाई आपलीच आहे. पण त्या न्यायालयाच्या निकालावर वरच्या न्यायालयात जाता येते. दहाव्या पिढीपर्यंतच्या शिक्षेवर कुठेच जाता येत नाही.

जय भीम! जय संविधान!